फळ्यांखालची थंडी



आजचा विषय नेहमीसारखा स्वयंपाकघरातला नाही, जमिनीखालचा आहे. आमच्या पुढच्या खोलीच्या लाकडी जमिनीखाली आम्ही घरच्या घरी इन्सुलेशन बसवले, म्हणजे थंडी अडवणारा थर घातला. काम चार दिवसांचे. पण ते सुरू करायला आम्हाला तेरा महिने लागले, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या तेरा महिन्यांबद्दलच जास्त आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी सांगली, कोल्हापूर, बेळगावकडच्या आहात, म्हणून आधी इथली घरे समजावून सांगते. आपल्याकडे घराची जमीन म्हणजे खाली मुरुमाचा भराव आणि वर शहाबादी किंवा टाइल्स. इंग्लंडातल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरांत मात्र तळमजल्याची जमीन अधांतरी असते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी तुळया टाकलेल्या, त्यांच्यावर फळ्या ठोकलेल्या, आणि खाली दीड-दोन फुटांची पोकळी. ही पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. बाहेरच्या भिंतीत अगदी खाली भोकाभोकांच्या विटा बसवतात, त्यांना एअरब्रिक म्हणतात. एका बाजूने वारा आत येतो, दुसऱ्या बाजूने निघून जातो. मातीतून वर येणारी ओल तो आपल्याबरोबर घेऊन जातो, म्हणून तुळया कोरड्या राहतात आणि लाकूड कुजत नाही. त्या काळी प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी पेटलेली असायची, त्यामुळे पायांखालच्या वाऱ्याची कुणाला फिकीर नव्हती. आता शेगड्या गेल्या, वारा तेवढा राहिला.

लेस्टरमधले आमचे घर असेच, रांगेतले, लाल विटांचे. लेस्टर म्हटले की तुम्हाला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे मंदिर आठवेल. पूर्वी ते चर्च होते, १९८८ मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली आणि दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी सगळ्यांची सोय एकाच छपराखाली झाली. आमच्या सासूबाई, म्हणजे आई, २०११ मध्ये इथे आल्या तेव्हा त्या मंदिरामुळेच रमल्या. आता त्या ऐंशीला आल्या आहेत. इतकी वर्षे त्यांचा नेम ठरलेला: पहाटे उठायचे, पुढच्या खोलीत चटई अंथरायची, मांडी घालायची आणि अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक करायचे. जमिनीवर, भगवंतांच्या फोटोसमोर.

२०२२ च्या हिवाळ्यात हा नेम मोडला. आईंचे गुडघे आखडायला लागले, कंबर धरायला लागली. त्या खाटेवर बसून सामायिक करू लागल्या. मी म्हटले, “आई, बसण्याची जागा बदलली म्हणून काय झालं, सामायिक झालं म्हणजे झालं.” तर म्हणाल्या, “होतंय की गं, कोण नाही म्हणतंय? पण खाटेवर झोप येते.” त्या हसल्या, मीही हसले. पण नंतर दिवसभर ते मनातून जाईना. आपली आयुष्यभराची जागा सुटली हे त्यांना किती लागले होते ते मला दिसत होते.

एका मैत्रिणीकडून लांबून तापमान मोजायचे यंत्र आणले. खोलीतली हवा १९ अंश, फळ्या १३ अंश. दिव्यासाठी वाती वळताना जो कापूस उरतो त्याचा एक तंतू काढून फळ्यांच्या फटीवर धरला, तर तो सरळ वर उडत होता. भिंतीला लागून लाकडी पट्टी असते, तिच्या खाली धरला तर आडवा झाला. म्हणजे वरून हीटर चालू आणि खालून वारा चालू. उपाय म्हणून हीटर आणखी वाढवणेही परवडण्यासारखे नव्हते. त्या ऑक्टोबरात सरकारने दर रोखून धरले तरी इथल्या साधारण घराचा वर्षाचा गॅस-विजेचा खर्च २५०० पौंडांच्या घरात गेला होता. वर्षभरापूर्वी तोच १२७७ पौंड होता. आणि पैशांचे सोडा. अग्निकायिक जीवांचा विचार करून आपण गरजेपुरताच जाळ करतो, पेटलेली शेगडी उगाच ठेवत नाही. इथे तर आम्ही रोज गॅस जाळून फळ्यांखालचा वारा गरम करत होतो.

मार्चमध्ये एका ठेकेदाराला बोलावले. जिन्याखालच्या कपाटात एक झाकण आहे, त्यातून पोकळीत उतरता येते. तो बॅटरी घेऊन उतरला, दहा मिनिटांत वर आला आणि म्हणाला, तुळयांना कीड आहे. बारीक बारीक भोके दिसतात. आधी सगळीकडे कीटकनाशक फवारावे लागेल, त्याशिवाय इन्सुलेशन घालणार नाही. फवारणीचे सहाशे पौंड वेगळे.

माझा नवरा म्हणाला, करून टाकू. आई काहीच बोलल्या नाहीत. ताटातली भाजी तेवढी इकडून तिकडे सारत राहिल्या.

मैत्रिणींनो, हिंसेचे चार प्रकार आपल्याला लहानपणी पाठशाळेत शिकवलेले असतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला घर चालवायचे तर आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. चूल, केरवारा, पाणी, घराची डागडुजी, सगळ्यात ती आलीच. तिथे आपण जयणा पाळायची, जमेल तितकी कमी करायची. पण ठरवून मारायचे म्हणून मारणे, ती संकल्पी, ती आपण सोडलेली आहे. मग तुळईवरची फवारणी कशात बसते? रविवारच्या स्वाध्यायाला मी हा प्रश्न काढला. एक काका म्हणाले, घर वाचवायला केलेले ते आरंभीच. एक काकू म्हणाल्या, ज्याचा हेतूच मारणे तो आरंभ कसला? तासभर चर्चा झाली. शेवटी आईच म्हणाल्या, “आत कोण हाय का न्हाई, ते तर आधी बघा. घरात माणूस हाय का न बघताच कुलूप घालतो का आपण?”

त्या एका वाक्यावर आमचे पुढचे वर्ष बेतले गेले.

मी वाचायला बसले. जुन्या लाकडातला हा किडा म्हणजे एक छोटा तपकिरी भुंगा. मादी लाकडाच्या फटीत अंडी घालते. अळी लाकडाच्या आतच काही वर्षे राहते, लाकूड खात पुढे सरकते. पूर्ण वाढ झाली की भुंगा होऊन बाहेर पडते, साधारण मे ते ऑगस्टमध्ये. आपल्याला दिसते ते एक-दोन मिलिमीटरचे भोक तो बाहेर पडताना झालेले असते. म्हणजे भोक ही जीव निघून गेल्याची खूण आहे. तो गेल्या वर्षी गेला की साठ वर्षांपूर्वी, हे भोकाकडे नुसते बघून सांगता येत नाही. ताजे असेल तर कडा स्वच्छ, उजळ दिसतात आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. जुने असेल तर आत धूळ आणि काळेपणा.

आणखी एक गोष्ट कळली आणि ती मला फार ओळखीची वाटली. या किड्याला ओलसर लाकूड लागते. लाकूड चांगले कोरडे झाले की त्याची पैदास टिकत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचेही तसेच, लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की तिला वाव मिळतो. मी आईंना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, “मग पिठासारखंच की.” खरेच! पिठाची मर्यादा आपण हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ का धरतो? ओल वाढली की जीवोत्पत्ती लवकर होते म्हणून. पापड कडकडीत वाळवतो, डाळी उन्हात घालतो, डबा कोरडा करून भरतो. किडे झाल्यावर मारायची वेळ येऊ नये म्हणून ते होऊच नयेत याची काळजी घेतो. आपल्या आज्यांनी सगळे घर याच एका नियमावर चालवले. मग तुळयांना तो नियम का नाही लावायचा?

एप्रिल २०२३ मध्ये आम्ही तीन कामे केली.

पहिले, कागद. जुन्या वस्तू जपणारे लोक करतात ती ही युक्ती. भोके असलेल्या जागेवर पातळ टिश्यू कागद चिकटवून ठेवायचा. आत जिवंत भुंगा असेल तर उन्हाळ्यात तो कागद फोडून बाहेर येईल, कागदाला भोक दिसेल. नसेल तर कागद अखंड राहील. आई खळ करून द्यायला निघाल्या होत्या, पण ओलसर जागेत खळीला बुरशी धरते, म्हणून साधा गोंद वापरला. सहा ठिकाणी कागद लावले, प्रत्येकावर तारीख लिहिली. मुलीने फोटो काढून ठेवले.

दुसरे, ओल मोजायचे छोटे यंत्र आणले. दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दाखवते. मधल्या तुळयांमध्ये १६, पण रस्त्याकडच्या भिंतीजवळ २० आणि २१.

तिसरे, हा आकडा असा का, याचा शोध. बाहेर जाऊन एअरब्रिक मोजल्या तर पुढच्या दोन दिसेचनात. आधीच्या कुणीतरी भिंतीला लागून फुलांचा वाफा केला होता, दोन्ही विटा मातीखाली गेल्या होत्या. मागची एक कुणी सिमेंटने बुजवली होती, थंडी येते म्हणून! वारा बंद म्हणून ओल, आणि ओल म्हणून बाकी सगळे. वाफा भिंतीपासून हाताने मागे घेतला, खुरप्याला गांडुळे लागू नयेत म्हणून मूठ-मूठ माती काढली. सिमेंटची वीट बदलून घेतली.

फवारणी करून इन्सुलेशन घालून टाकले असते, तर बंद एअरब्रिकवर कुणाची नजरही गेली नसती. विषाचा असर काही वर्षांत उतरतो. ओल तशीच राहिली असती, तुळया गुपचूप कुजल्या असत्या आणि पुन्हा किडे, पुन्हा फवारणी. म्हणून जयणा म्हणजे नुसते हळवेपण, असे कुणी म्हटले तर मला पटत नाही. आईंनी ‘आधी बघा’ म्हटले म्हणून घराचे खरे दुखणे सापडले.

सप्टेंबरमध्ये पर्युषण आटोपल्यावर मी पुन्हा पोकळीत उतरले. सहाही कागद अखंड. खाली भुग्याचा कणही नाही. ती भोके जुनी होती, राहणारे कधीच निघून गेले होते. भिंतीजवळची ओल १८ वर आली होती.

नवरा म्हणाला, झाले तर मग, पुढच्या आठवड्यात सुरू करू. आणि इथे खरी पंचाईत झाली. १८ म्हणजे धोक्याच्या खाली, पण अजून उतरत होते. पुरते वाळण्याआधी लाकडाला वेढा घालणे मला बरे वाटेना. शिवाय त्या वर्षी अधिक श्रावण होता, चातुर्मास पाच महिन्यांचा. चातुर्मासात आपण उकराउकरी, तोडफोड टाळतो. आणि इथे तर सप्टेंबरात कोळी घरांत शिरतात, फुलपाखरे हिवाळाभर झोपायला कोपरे शोधतात. अशा वेळी त्यांचे घर उघडून बसायचे? पण थांबायचे तर ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला आणखी एक हिवाळा थंडीत काढायला लावायचा. जिवांची काळजी करायची आणि घरातल्या जीवाला कुडकुडत ठेवायचे, ही कसली जयणा? मी दोन दिवस गप्प होते.

निर्णय आईंनीच केला. “एक हिवाळा काय गं. तुझ्या आजेसासूबाई ओल्या माजघरात बसून माळ ओढायच्या. पाट टाक मला.” मग त्या हिवाळ्यात खाली पाट, पाटावर दोन जाड सतरंज्या, भिंतीकडच्या फटींत कापडाच्या वळकट्या, अशी तयारी केली. जानेवारीतले काही दिवस सोडले तर त्या जमिनीलगतच बसल्या. खाटेवर परत गेल्या नाहीत.

दरम्यान मी काय घालायचे ते ठरवत होते. तुमच्यापैकी ज्या परदेशात आहात त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते.

फोमच्या कडक पाट्या मिळतात. कमी जाडीत जास्त थंडी अडवतात. पण जुन्या तुळयांमधले अंतर कुठे कमी, कुठे जास्त, कडक पाटी नेमकी बसत नाही, बाजूला फट राहिली की वारा तिथूनच येतो. काचतंतू किंवा दगडतंतूची गादी स्वस्त असते, नीट बसते, मात्र हाताळताना अंगाला खाज येते. मेंढीच्या लोकरीची गादीही मिळते आणि इथे तिचे फार कौतुक आहे. आपल्यात लोकरीबद्दल वेगवेगळी मते आहेत, कुणी वर्ज्य मानते, कुणी नाही. धनगरी घोंगड्यावर आपले आजोबा-पणजोबा बसलेच की. पण या गादीला कसर लागू नये म्हणून बऱ्याचदा कीडनाशक लावलेले असते, म्हणून मी ती सोडली. शेवटी लाकडाच्या तंतूंची १०० मिलिमीटर जाडीची गादी घेतली. ती दाबली जाते, पुन्हा फुगते, त्यामुळे कडेला फट राहत नाही, आणि हवेतली ओल थोडी घेते, थोडी सोडते.

मे २०२४. भिंतीजवळची ओल १५. हिवाळी पाहुणे उडून गेलेले. दिवस मोठे, रात्री नऊपर्यंत उजेड. आम्ही ठरवले होते की दिव्याच्या उजेडात काम करायचे नाही. दिव्यावर किडे येतात म्हणून तर आपण सूर्यास्ताआधी जेवतो. कौन्सिलच्या इमारत विभागाला आधी फोन करून काय कळवावे लागते ते विचारून घेतले.

कामाचा क्रम असा. विजेचा मुख्य खटका बंद, कारण फळ्यांखाली वायरी आणि पाइप कुठे असतील सांगता येत नाही. मग भिंतीकडून सुरुवात. रुंद छिन्नी फटीत घालायची, छोट्या पहारीने हळूहळू उचलायचे, एका तुळईवरचे खिळे सुटले की पुढच्या तुळईकडे जायचे. प्रत्येक फळीच्या मागे खडूने आकडा. शंभर वर्षे शेजारी राहिलेल्या फळ्या, त्यांची जागा बदलली तर पुन्हा बसत नाहीत.

मुनिमहाराजांच्या पाच समितींतली आदाननिक्षेपण समिती आपण ऐकलेली असते: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जागा साफ करून उचलावी, ठेवावी. त्यासाठी त्यांच्या हातात पिंछी असते, मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची, जीवाला इजा न करता बाजूला करायला. आपण गृहस्थ, आपल्याकडे पिंछी नाही. पण रंगाचा एक रुंद, मऊ, कोरा ब्रश होता. फळी उचलली की आधी तिच्या खालच्या अंगावरून ब्रश, मग ती ठेवायच्या जागेवरून ब्रश, मग ठेवायची. कोळी निघाले, अंगाची गोळी करणारे राखाडी किडे निघाले. त्यांना ब्रशने वाटीत घ्यायचे, वर पुठ्ठा धरायचा आणि जिन्याखालच्या झाकणातून मागच्या खोलीच्या पोकळीत सोडायचे. वाटीचे खाते मुलीकडे होते. पहिल्या दिवसाची मोजणी तिने भिंतीवर खडूने लिहिली: एकतीस. धूळ ओढायचे यंत्र त्यानंतरच. नवऱ्याला आधी हे सगळे फार लांबण लावणे वाटले. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, हळू उचलल्यामुळे एकही फळी चिरली नाही. खरेच होते ते. ठेकेदार लोक घाईत निम्म्या फळ्या फोडतात आणि नव्या घालतात, असे शेजारच्या घरात मी पाहिले होते.

फळ्या निघाल्यावर बागेत वेलींना बांधतात तशी प्लास्टिकची जाळी तुळयांवरून सोडली. दोन तुळयांच्या मध्ये झोळीसारखी खाली उतरवायची आणि तुळईच्या बाजूला स्टेपलरने टाचायची. या झोळीत गादी बसते. गादी तुळयांमधल्या अंतरापेक्षा सेंटिमीटरभर रुंद कापायची, म्हणजे दाबून घातली की घट्ट राहते. पाव कापायच्या लांब दातेरी सुरीसारखी सुरी याला उत्तम. गरम पाण्याचे पाइप वेगळे गुंडाळले, कारण आता खालची पोकळी पूर्वीपेक्षा थंड होणार. वायरी गादीत दाबल्या तर तापू शकतात, म्हणून त्या इलेक्ट्रिशियनकडून मोकळ्या ठेवून घेतल्या. आणि एअरब्रिकसमोर गादीचा तुकडाही जाऊ द्यायचा नाही. गादी फक्त तुळयांच्या मध्ये, खालची पोकळी तशीच मोकळी, वारा तसाच वाहता. म्हणजे ज्यांना आम्ही वाटीतून मागे नेऊन सोडले त्यांचेही घर शाबूत राहिले.

गादीवर हवा अडवणारा पातळ पडदा अंथरला, भिंतीला चिकटपट्टीने जोडला. खरी जादू याची. गादी थंडी अडवते, पण फटींतून येणारा वारा हा पडदा अडवतो. त्यावर फळ्या आकड्यांप्रमाणे पुन्हा. यावेळी खिळ्यांऐवजी स्क्रू लावले, कधी उघडायची वेळ आली तर ठोकाठोक नको. चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला शेवटचा स्क्रू बसला. आईंनी डब्यातला कापूस आणला, तंतू काढला आणि स्वतः वाकून फटीवर धरला. तंतू हलला नाही.

खर्च सगळा मिळून ४४० पौंड, खोली चौदा चौरस मीटरची. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांना चार गोष्टी सांगते. नाकाला मास्क, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा हवाच. जुन्या घरात ॲस्बेस्टॉसची शंका असेल तर हात न लावता आधी तपासून घ्या. खोलीत गॅसची शेगडी किंवा उघडी चूल असेल तर तिला लागणारी हवा कुठून येते ते जाणकाराला विचारल्याशिवाय फटी बंद करू नका. आणि न्यूझीलंडमधल्या मैत्रिणींनो, तुमच्या घरांखाली जुनी चंदेरी फॉइल असेल तर स्वतः हात लावू नका. फॉइल धातूची, तिला ठोकलेली पिन वायरीत गेली की सगळ्या फॉइलमध्ये वीज उतरते. त्यात माणसे गेली आहेत, म्हणून तिथे २०१६ पासून घरांत ती बसवायला बंदी आहे.

गेल्या जानेवारीत मी पुन्हा मोजले. हवा १९ अंश, फळ्या साडेसतरा. बिल फार उतरले असे म्हणणार नाही, एकच खोली झाली आहे. पण हीटर दीड अंशाने खाली आणला तरी कुणाची तक्रार नाही. आईंनी पाट काढून टाकला. चटई, मांडी, अठ्ठेचाळीस मिनिटे. मी बाजूला बसते तेव्हा त्यांचा एक गुडघा चटईबाहेर फळीवर टेकलेला असतो, आणि तो त्या आत ओढून घेत नाहीत.

आता मधल्या खोलीची पाळी. तिथल्या तुळयांनाही भोके आहेत, आणि त्यातली दोन मला जरा उजळ वाटली. या एप्रिलमध्ये कागद चिकटवलेत, तारखा घातल्यात. एखाद्याला भोक पडले तर? तर आत कुणीतरी आहे, आणि मग आपला प्रश्न खराखुरा समोर उभा राहील. मी ठरवले आहे की आधी ओल कुठून येते ते शोधायचे, लाकूड वाळू द्यायचे, लागला तर आणखी एक हिवाळा थांबायचे, आणि एखादी तुळई पोखरून कमजोर झाली असेल तर फक्त ती बदलून घ्यायची. नवऱ्याला हे पुरेसे वाटत नाही. आई म्हणतात, सप्टेंबर येऊ दे, मग बघू.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल, लाकडाला कीड, धान्याला सोंडे, भिंतीला वाळवी, तर तुम्ही काय केलेत, घरातल्या मोठ्यांनी काय सांगितले, ते जरूर कळवा. वाळवीचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

जय जिनेंद्र.